पॅड बांधून बसलेला मुलगा

‘इंग्रजी शाळा’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी निराळ्या अर्थाने असे. मराठी चौथी झाली की मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई, आणि तिथे त्याला इंग्रजी शिकवणारे मास्तर लांब कोट आणि पागोटे घातलेले अस्सल मराठी गृहस्थच असत. पुण्यास चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली काढलेल्या शाळेचे नावसुद्धा ‘न्यू इंग्लिश स्कूल’च. या शाळांनी आपल्या घरात शेक्सपियर आणला, भूमिती आणली, आणि त्याच दाराने, कोणी आवतण दिलेले नसताना, चेंडूफळीही आत शिरली. शेक्सपियर पुढे परीक्षेपुरता उरला. चेंडूफळी मात्र घरजावयासारखी ठाण मांडून बसली, आणि तिचे कौतुक करण्यात आम्ही मास्तर लोकही मागे राहिलो नाही. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १४८ धावा काढून आले. संस्कृताच्या प्राध्यापकाने एवढे करावे, तर मराठीच्या प्राध्यापकाने निदान धावसंख्या तरी पाठ ठेवाव्यात, असा माझा आपला समज आहे.

याच पाठांतरामुळे मी अडचणीत आलो. आमचे हिंगोली तसे लहान गाव. एके काळी इथे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. पुढे गाव परभणी जिल्ह्यात राहिले आणि १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. दसऱ्याला रामलीला मैदानावर रावण जळतो, आणि मैदान मोकळे असले की पोरे तिथे विटा रचून यष्ट्या उभ्या करतात. अशाच एका पोराचे वडील एका संध्याकाळी घरी आले. मुलगा सहावीत. हात चांगला आहे, डोळा चांगला आहे, असे सगळेच म्हणतात. “सर, मुंबईला एखाद्या इंग्रजी शाळेत घालावा म्हणतो, जिथं क्रिकेट चालतं तिथं. मावशी आहे त्याची डोंबिवलीला. तुम्हाला ते सहाशे चौसष्ट वगैरे सगळं ठाऊक आहे म्हणून विचारतो.”

त्यांना मी चहा पाजला आणि विषय बदलला. एका वाक्यात उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता. सहाशे चौसष्ट म्हणजे काय, ते आधी नीट सांगावे लागते.

मुंबईच्या शालेय क्रिकेटात दोन ढालींना देवघरातल्या टाकांचे मोल आहे: मोठ्या मुलांची हॅरिस शील्ड आणि लहानांची जाइल्स शील्ड. पैकी पहिलीला नाव मिळाले ते १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे. हे गृहस्थ ईटनच्या शाळेत शिकलेले आणि इंग्लंडचे कप्तानपद भूषवलेले. इंग्रज पंडितांच्या मते साम्राज्य टिकवण्याची विद्या ही अशा शाळांच्या मैदानावर शिकण्याची गोष्ट होती. आता गंमत पाहा. ज्या एस्प्लनेडच्या मैदानावर गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्टी उखडली जाते म्हणून पारशी तरुणांना अर्जामागून अर्ज करावे लागले, त्याच मैदानाचा एक तुकडा आज आझाद मैदान म्हणून ओळखला जातो. साहेब गेले, घोडे गेले, ढाल राहिली. आणि तिच्यासाठी दादर, माटुंगा, फोर्ट, वांद्रे इथली पोरे शंभरावर वर्षे उन्हात भांडत आली आहेत.

दादरची शारदाश्रम विद्यामंदिर ही शाळा या भांडणात बरीच उशिरा उतरली, पण उतरली ती जिंकण्यासाठीच. ईटनसारखी हिरवळीची मालकी तिच्या नशिबी कुठली? तिची मुले शिवाजी पार्कवर घाम गाळीत, आणि तेही एका माणसाच्या नजरेखाली. रमाकांत आचरेकर हे मूळचे मालवणकडचे, १९३२ सालचा जन्म, स्टेट बँकेत नोकरी. स्वतः ते प्रथम दर्जाचा म्हणावा असा एकच सामना खेळले. कीर्ती मिळाली ती दुसऱ्यांना खेळवून. स्कूटरच्या मागच्या बैठकीवर मुलाला घ्यायचे, एका मैदानावरचा डाव संपला की दुसऱ्या मैदानावर नेऊन सोडायचे, तिथे आऊट झाला तर तिसरे मैदान आहेच. दिवस मावळतीला आला की मधल्या यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे: जो गोलंदाज बाद करील त्याचे ते नाणे, कोणीच बाद करू शकला नाही तर फलंदाजाचे. आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘प्रेरणा’ या विषयावर मोठमोठे अध्याय असतात. एका रुपयात इतकी प्रेरणा मावते हे त्यांत कुठे लिहिलेले माझ्या तरी वाचनात आले नाही.

अशा नाबाद राहून मिळवलेल्या तेरा नाण्यांचा मालक सचिन तेंडुलकर. तो आधी वांद्र्याच्या एका शाळेत होता. तिथे क्रिकेटचा संघच नव्हता, तेव्हा शाळा बदलावी असे आचरेकरांनी सुचवले. मुलगा अकरा-बारा वर्षांचा. वडील रमेश तेंडुलकर हे कवी आणि कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, म्हणजे थेट आमच्या बिरादरीतले. खेळासाठी शाळा बदलायची, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात सांगून पाहा बरे! ‘आधी दहावी होऊ दे’ हे वाक्य महाराष्ट्रात जितक्या वेळा उच्चारले गेले असेल तितके दुसरे क्वचितच. या प्राध्यापकांनी ते उच्चारले नाही. निर्णय मुलावर सोपवला आणि मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहून शारदाश्रमात जाऊ लागला. पुढच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मला या होकाराचे नवल अधिक वाटते.

सचिनने स्वतः सांगितलेली एक हकीकत आहे. शाळेच्या वरच्या संघाचा हॅरिस शील्डचा अंतिम सामना वानखेडे स्टेडियमवर होता. सरांनी याच्यासाठी दुसरीकडे एक सराव सामना ठरवून ठेवलेला. हा तिकडे न जाता वानखेडेवर टाळ्या वाजवायला गेला. तिथे नेमके सर भेटले. त्यांनी चांगलेच फैलावर घेतले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसण्यापेक्षा असे खेळ की तुझ्यासाठी लोकांनी येऊन टाळ्या वाजवाव्यात, असा त्या बोलण्याचा मतलब. ही हकीकत आज प्रत्येक क्रिकेट-वर्गात सांगितली जाते. मलाही ती आवडते. परंतु तिच्यात एक काटा आहे. सगळ्यांनीच टाळ्या वाजवायचे सोडले तर मैदानावर उरेल कोण? या काट्याकडे पुन्हा येऊच.

२३ फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, सासानियन क्लबची खेळपट्टी, हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना. शारदाश्रम विरुद्ध फोर्टची सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर गेले, आणि पंधरावे वर्ष पुरे व्हायचे असलेला सचिन आणि नुकताच सोळा पुरा केलेला विनोद कांबळी असे दोघे एकत्र आले. दिवस मावळला, दोघे नाबाद. दुसरा दिवस उजाडला, दोघे नाबाद. सर मैदानावर नव्हते. डाव घोषित करण्याचा त्यांचा निरोप घेऊन मदतनीस प्रशिक्षक सीमारेषेवरून हाका मारीत होते. पण इकडे दोन्ही वीरांना एकाएकी बहिरेपण आलेले! तिकडे पाहायचेच नाही, असा त्यांचा करार. विनोद शीळ घालतो आहे, दोघे गाणी म्हणताहेत, आणि धावा वाढताहेत. अखेर जेवणाच्या सुट्टीत सरांना दूरध्वनी लावावा लागला. कांबळी ३४९ वर होता. एकच धाव, सर, एकच. तीही मिळाली नाही. डाव ७४८ वर घोषित. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, भागीदारी अभेद्य ६६४. ऑस्ट्रेलियात १९१३-१४ च्या हंगामात झालेला ६४१ धावांच्या भागीदारीचा जुना विक्रम मोडला. मग त्याच विनोदने चेंडू हाती घेऊन ३७ धावांत ६ बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव १४५ वर संपला. अंतिम सामन्यात अंजुमन-ए-इस्लामविरुद्ध सचिनने पुन्हा नाबाद ३४६ काढल्या. वर्षाखेर तो मुंबईकडून रणजी सामना खेळला आणि १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत कसोटी. कांबळीनेही १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ काढून दाखवल्या. पण त्याची शेवटची कसोटी १९९५ ची. सतरा कसोटी, सरासरी चोपन्नाच्या वर, आणि वय अवघे तेवीस. त्याचे काय झाले यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्याच्या घरचे आपल्याला काही ठाऊक नाही त्याच्याविषयी अनुमाने काढण्याची हौस मला नाही. असो.

हे सारे बहुतेकांना माहीत असते. परंतु त्या दोन दिवशी मैदानावर आणखी माणसे होती. झेवियर्सच्या बाजूने साईराज बहुतुले नावाचा एक पोरगा लेगस्पिन टाकीत होता. त्याच्या वाट्याला त्या उन्हात काय आले ते सांगायला नको. तोच पुढे मुंबईचा भरवशाचा गोलंदाज झाला आणि २००१ साली भारताकडून दोन कसोटी खेळला. सहाशे चौसष्ट धावांच्या ओझ्याखाली त्याची गोलंदाजी काही मेली नाही.

आणि शारदाश्रमच्या तंबूत पॅड बांधून बसलेला होता तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. पुढचा फलंदाज तो. गडी बाद झाला की उठून जायचे. पण गडी बाद होईना. हेल्मेट, हातमोजे, पायांना करकचून आवळलेले पट्टे, सगळी तयारी जय्यत. आणि दोन दिवस काम एकच, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवणे. ज्या गोष्टीवरून एका मुलाने सरांची बोलणी खाल्ली, तीच दुसऱ्याला दोन दिवस निमूटपणे करावी लागली. एकाच शाळेत, एकाच सरांच्या हाताखाली.

आता थोडे दूर जाऊ. पण सचिनचे बोट धरूनच जाऊ. १९ मे १९९९ ला प्रा. रमेश तेंडुलकर वारले. विश्वचषक चालू होता. सचिन मुंबईस आला, अंत्यसंस्कार केले आणि परत इंग्लंडला गेला. चारच दिवसांनी, २३ मे रोजी, त्याने केनियाविरुद्ध नाबाद १४० काढल्या आणि बॅट उंचावून आकाशाकडे पाहिले. ते गाव ब्रिस्टल. याच ब्रिस्टलमध्ये क्लिफ्टन कॉलेज नावाची, १८६२ साली स्थापन झालेली शाळा आहे. (नाव कॉलेज असले तरी ती शाळाच, इंग्रजांची ही एक खोड.) शालेय क्रिकेटातली सगळ्यांत प्रसिद्ध संख्या याच शाळेने एक शतकाहून अधिक काळ सांभाळली: ६२८.

ती काढणाऱ्या मुलाचे नाव आर्थर कॉलिन्स. जन्म हिंदुस्थानातला, हजारीबागचा. वडील इकडे मुलकी नोकरीत न्यायाधीश होते. क्लिफ्टनला आला तोवर आईबाप दोघेही देवाघरी गेलेले. जून १८९९ मधला सामना तोही काही मोठा नव्हता: शाळेच्याच दोन वसतिगृहांतल्या धाकट्या मुलांचा, दुपारच्या फावल्या वेळात खेळला जाणारा. मैदान असे विचित्र की एका बाजूची हद्द हाताशी, तिकडे मारले तर दोनच धावा. दुसऱ्या बाजूला उतार, तिकडे चेंडू गेला की पळत सुटायचे. चार दुपारी तेरा वर्षांचा तो पोरका मुलगा खेळत राहिला. पहिल्या दिवशी पाहणारे मोजके, मग शाळा लोटली, मग शहर, मग वर्तमानपत्रांचे बातमीदार. संघाच्या ८३६, त्यात याच्या नाबाद ६२८. शिवाय त्याने दोन्ही डावांत मिळून अकरा बळी घेतले. धावा मोजणाऱ्याने पुढे गमतीने सांगितले म्हणतात की आकड्यात वीसेक इकडे-तिकडे धरा!

कॉलिन्स मोठा क्रिकेटपटू झाला नाही. तो सैन्यात इंजिनिअर झाला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रान्सकडे गेला आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजी ईप्रच्या लढाईत पडला. वय एकोणतीस. शाळेच्या मैदानावर साम्राज्य टिकवण्याची विद्या शिकवली जाते म्हणतात, त्या विद्येची फी अशी वसूल झाली. आणि त्या सामन्यात समोरच्या बाजूने चार दुपारी चेंडू आणायला धावलेल्या मुलांची नावे किती जणांना सांगता येतील? मला तरी येत नाहीत.

क्लिफ्टनचा तो आकडा मोडला तो लंडनला नाही, मेलबर्नला नाही, कल्याणला! ४ जानेवारी २०१६, वायले नगरचे मैदान, भंडारी चषकाचा आंतरशालेय सामना. के. सी. गांधी इंग्लिश स्कूलचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे पहिल्याच दिवशी ६५२ वर नाबाद राहिला, म्हणजे कॉलिन्स मागे पडला. दुसऱ्या दिवशी तो थांबला तेव्हा नाबाद १००९ झाला होता. १२९ चौकार, ५९ षट्कार. वडील रिक्षाचालक. सगळ्या देशाने त्या घरापुढे गर्दी केली. संघाच्या ३ बाद १४६५, आणि समोरच्या आर्य गुरुकुलच्या ३१ व ५२.

या शेवटच्या दोन संख्यांपाशी मी नेहमी अडतो. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त नऊ कमी. उपाहाराच्या सुट्टीत काठेवाडचा संघ चक्क सामना सोडून निघून गेला. ती सगळी मोठी माणसे, कप्तान तर राजघराण्यातले. आपल्या नावावर असला विक्रम नको, म्हणून गाशा गुंडाळला. कल्याणची पोरे मात्र गेली नाहीत. पहिल्या डावात ३१ वर बाद झाल्यावर चौदाशे पासष्ट धावांपर्यंत ती चेंडूमागे धावली, आणि नंतर पुन्हा बॅट घेऊन आली. प्रणवचा पराक्रम खराच. पण त्या दिवशी मैदान न सोडणाऱ्या त्या पोरांनाही कोणी एखादे बक्षीस द्यायला हवे होते. त्यांच्या शाळेने तरी.

मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा आटल्या. लोकांच्या अपेक्षेला मात्र ओहोटी नव्हती. २०१७ साली त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहून कळवले की मुलाचा खेळ मनासारखा होत नाही, तेव्हा ही शिष्यवृत्ती आता थांबवावी. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला दहा हजार म्हणजे काय असतात, ते रिक्षातून उतरताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा मनात आणून पाहावे.

तेव्हा हिंगोलीच्या त्या गृहस्थांना मी आता काय सांगू? शाळा बदलून सचिन झाला, हे खरे. पण त्याच शाळेतून शेकडो मुले गेली, त्यांची बहुतेक सारी मैदानावर झेल घेऊन, चेंडू अडवून, आपल्या पाळीची वाट पाहून कुठल्या तरी बँकेत किंवा कचेरीत लागली. त्यांच्या वाट्याला जे आले ते घ्यायला आपले पोर तयार आहे का, हे आधी पाहा. मावशीला मग पत्र टाका. आणि पोराला विचारा की तुला एक हजार धावा काढायच्या आहेत की तुला खेळायचे आहे. दोन्हीचे उत्तर ‘हो’ असेच येईल, ते मलाही ठाऊक आहे. पण कुठल्या प्रश्नाला आधी मान हलते, तिकडे लक्ष ठेवा.

पॅड बांधून बसलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, ते राहिलेच. १९९३-९४ च्या हंगामात अमोल मुझुमदार मुंबईकडून पहिला रणजी सामना हरियाणाविरुद्ध खेळला आणि २६० धावा काढून आला. प्रथम दर्जाच्या पदार्पणातला तो जागतिक विक्रम २०१८ पर्यंत टिकला. आता हा भारताकडून खेळणार, असे जो तो म्हणू लागला. पण मधली फळी भरलेली. द्रविड, गांगुली, लक्ष्मण. आणि चौथ्या जागेवर कोण, तर शाळेतला तोच! गडी काही बाद होईना. मुझुमदार खेळत राहिला: मुंबईकडून, मग आसामकडून, मग आंध्रकडून. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. २०१४ साली थांबला तेव्हा १७१ सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके झाली होती. भारताची टोपी मात्र एकदाही नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आले. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ चे लक्ष्य ठेवले, आणि वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ काढून ते गाठले. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला. शेवटचा झेल कप्तान हरमनप्रीत कौरने घेतला. सगळा संघ मैदानभर धावत होता. प्रशिक्षक मैदानात आले, तेव्हा हरमनप्रीत आधी त्यांच्या पायाशी वाकली, आणि मग गळ्यात पडून रडली.